तिकांड्याखालचा धूर

अण्णांचा फोटो माझ्या घरात कुठेही लावलेला नाही. अर्ध्या जालन्याच्या बैठकींत ज्या माणसाने लोकांचे आजे-पणजे चौकटीत बसवून दिले, त्याला सख्ख्या पुतणीच्या भिंतीवर एका खिळ्याची जागा मिळाली नाही, हे जुन्या माणसांच्या बरोबर ध्यानात येतं. कुणी विचारलंच तर मी सांगते, जागा नाही. जागा भरपूर आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मीही आता त्याच दाराशी येऊन बसले आहे, तेव्हा मला त्या नियमातून सूट असावी.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील तापाने गेले तेव्हा मी इतकी लहान होते, की त्यांचा चेहरासुद्धा मला अण्णांनी काढलेल्या फोटोवरूनच माहीत. आई मला घेऊन धावड्याहून जालन्याला आली ती दिराच्या घरी, कायमची. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. पाटी उर्दूत आणि मराठीत, दोन्ही अक्षरं अण्णांच्याच हातची. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक बिनखिडकीची खोली, आतून काजळीने रंगवलेली. तिला सगळे अंधारी म्हणत. तिथे काचा धुवायच्या. तेव्हा आमच्याकडे फोटो काचेवर निघायचा. काचेच्या एका अंगाला मसाल्याचा पातळ थर असायचा आणि त्यावर चित्र उमटायचं ते उलटं, उजेडाच्या जागी काळं आणि अंधाराच्या जागी नितळ. मग त्या काचेवरून कागदावर सुलटा फोटो छापायचा. हे आता नातवंडांना सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून ठेवते.

त्या घरात मी आणि आई स्वैपाकघरात निजत असू. पहाटे जिनिंग गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आई उठून जातं मांडायची, मग चूल, मग भाकरी, मग काकूंचं पाणी. आईच्या हातची येसराची आमटी अण्णा दोन वाट्या ओरपायचे आणि वाटी खाली ठेवताना म्हणायचे, "मीठ जास्त झालंय." रोज. मीठ कधीच जास्त नसायचं. काकूंची पद्धत निराळी होती. त्या टाकून बोलत नसत, नुसती हाक मारत. वच्छे, राख काढ. वच्छे, पान दे. वच्छे, दुकानात तांब्या नेऊन ठेव. मी कुठल्याही कोपऱ्यात बसले तरी तो कोपरा लगेच कुणाच्या तरी कामाचा निघायचा. शाळा चौथीनंतर संपली होती. त्या वयात मला काय हवं होतं म्हणाल तर दागिने नको होते की लुगडं नको होतं. मला एक दार हवं होतं, जे मी आतून लावलं तर बाहेरच्याला उघडता येणार नाही.

अण्णांचा हात मात्र सोन्याचा होता. हे शत्रूनेही कबूल करावं, आणि मी शत्रूच आहे. देवीचे वण असलेल्या माणसाची काच घेऊन ते दुकानाच्या खिडकीशी तिरप्या मेजावर बसायचे. काचेखालून उजेड यायचा, वरून त्यांची ती बारीक सुरी आणि शिसपेन्सिल चालायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाचे गाल लोण्यासारखे व्हायचे. गिऱ्हाईक फोटो पाहून स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचं. डाग, वण, धूळ, कचरा, काचेवर जे जे नको ते अण्णांना आधी दिसायचं. वाळायला ठेवलेल्या काचांची एक लाकडी घोडी होती, तिच्यावरची एकेक काच रोज त्यांच्या सुरीखालून जायची, मग ती कुणाचीही असो. ते म्हणायचे, "माझ्या दुकानातून डागी काच बाहेर जात न्हाई." या एका वाक्यावर त्यांनी दुकान उभं केलं होतं आणि घरातली माणसं आडवी केली होती.

या दुकानात एके दिवशी पैमाइशवाले तात्या आले. पैमाइश म्हणजे जमीन मोजणी. तात्यांनी उभा जन्म त्या खात्यात काढला होता. अंबडपासून परतूरपर्यंत शेतांतून साखळ्या ओढून ओढून त्यांचा एक पाय अधू झाला होता आणि जीभ कायमची तिखट. पेन्शनीत निघाल्यावर त्यांना जमिनीचा वीट आला असावा, कारण त्यांनी आभाळ धरलं. आपल्या माळवदावर, घराच्या सपाट छतावर, त्यांनी दोन फळ्या बिजागरीने जोडून त्यांच्यावर एक जुना कॅमेरा बांधला होता. आभाळ सरकतं, म्हणून फळीखालचा एक स्क्रू हाताने हळूहळू फिरवत राहायचा, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या मागे मागे जातो. असा बराच वेळ कॅमेरा उघडा ठेवला की डोळ्याला न दिसणारंही काचेवर येतं, असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. पहिली काच त्यांनी धुवायला अण्णांकडे दिली, आणि दुसऱ्या दिवशी न्यायला आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात उभी होते.

तात्यांनी काच खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"साफ करून दिली," अण्णा म्हणाले. "लई धूळ होती काचेवर. सगळी खरवडून काढली, त्याचा वेगळा खर्चा बी न्हाई लावला."

"धूळ न्हाई ती. तारे होते."

"मोठ्या चांदण्या ठेवल्या की. बारकी बारकी घाण तेवढी काढली."

तात्यांच्या तोंडून त्यावर जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांनीही परतफेड केली. दोघांत एकच भीड होती. अण्णांच्या शेजाऱ्याने दुकानाच्या भिंतीवर हक्क सांगितला होता तेव्हा तात्यांनी मोजणी सरळ केली होती, म्हणून अण्णांना त्यांना दुकानाबाहेर काढता येईना, आणि गावात दुसरी अंधारी नव्हती म्हणून तात्यांना निघून जाता येईना. शेवटी तात्या म्हणाले, "तुमच्या हाताला वाईट सवय लागून गेली. मला असा हात द्या ज्याला काही म्हणजे काही येत न्हाई."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "ही घ्या," ते म्हणाले. "निकम्म्या कामाला निकम्मी पोरगी. बराबर जोडी."

माझी नेमणूक अशी झाली. त्या शब्दाचा मला राग आला होता का? आला होता. पण त्याच दुपारी मी अंधारीत गेले, लाल काचेचा कंदील लावला, दार ओढलं आणि आतली कडी घातली, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. काच उघडी असताना दार उघडायचं नाही, हा अण्णांचाच कायदा होता. उजेडाची फट आली तरी काच मेली. काकूंनी बाहेरून हाक मारली. मी म्हणाले, "काच उघडी आहे." बाहेर सगळं गप्प झालं. माझ्या आयुष्यातला तो पहिला हुकूम. काच प्रत्यक्षात अजून तात्यांच्या पेटीतच होती.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. पहिले काही दिवस तात्या दुकानात, अंधारीच्या दाराबाहेर, बाकावर बसून आत ओरडायचे आणि मी आत चाचपडायची. एका थाळीत डेव्हलपर, त्यात काच टाकून थाळी हलवत राहायची, चित्र वर आलं की पाण्यात, मग चित्र पक्कं करायच्या हायपोत, मग पुन्हा पुष्कळ पाण्यात. पहिल्या काचेला मी आडाचं कोमट पाणी वापरलं. मसाल्याचा थर सुटला आणि दुधावरच्या सायीसारखा सगळाच्या सगळा थाळीत तरंगायला लागला, ताऱ्यांसकट. बाहेर येऊन सांगितलं तर तात्या म्हणाले, "एवढं आभाळ देवाला बी एका दिवसात बुडवता आलं नसतं." मग रात्रभर माठात गार झालेलं पाणी आणि त्यात तुरटी, हे मला सुचलं. लोणच्याच्या कैऱ्यांना आई तुरटीचं पाणी देते, फोडी करकरीत राहाव्या म्हणून, ते डोक्यात होतं. तात्यांनी त्याबद्दल चांगला शब्द काढला नाही, पण पुढे दर काचेला "तुरटी घातली का" म्हणून विचारू लागले.

दुसरी काच टिकली, आणि तिच्यावर इतके तारे आले की मी हरखून गेले. तात्यांनी भिंगातून पाहिलं आणि हसले. त्यांचं हसणं कधी चांगल्या बातमीचं नसायचं. "ही तुझ्या आडाची नक्षत्रं," ते म्हणाले. आमच्या आडाचं पाणी क्षाराचं. थेंब वाळला की ठिपका उरायचा, आणि ठिपका ताऱ्याच्या थाटात बसायचा. म्हणून शेवटचं पाणी उकळून, गाळून घ्यायचं. तरीही काही ठिपके राहायचेच. तेव्हा तात्यांनी मला ती गोष्ट शिकवली, जी शिकवल्याबद्दल मी त्यांच्या सगळ्या शिव्या माफ केल्या. आभाळाच्या एकाच तुकड्याच्या दोन काचा घ्यायच्या, मोठे तारे जुळवून एकीवर एक ठेवायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. जे दोन्हीवर आहे ते आभाळ. जे एकीवरच आहे ती घाण. दोन काचा मिळून फिक्या गोष्टी गडदही दिसतात.

माझा नातू परवा लॅपटॉपवर असंच काहीतरी करत होता. त्याच्या दुर्बिणीने काढलेले ढीगभर फोटो एकावर एक रचून तो फिकट ढग उजळवत होता. आजी, बघ, याला स्टॅकिंग म्हणतात, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही याला काहीच म्हणत नव्हतो, नुसतं करत होतो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मग त्याने एक पट्टी अशी काही सरकवली, की ढग हिरवा-जांभळा होऊन अंगावर आला. तीच हाव मलाही झाली होती. अजून उमटेल, अजून उमटेल, म्हणून मी एक काच डेव्हलपरात ठेवून दिली आणि सगळं आभाळ डांबरासारखं काळं होऊन बसलं. त्या दिवशी तात्यांनी शिवी न देता काच फडक्यात बांधली आणि घरी नेली. ते जास्त वाईट होतं.

किती वेळ ठेवायचं हे पुढे आईच्या जात्यावर ठरलं. घड्याळ दुकानात होतं आणि अण्णा ते आत देत नसत. आई दळण घेऊन अंधारीच्या घराकडच्या भिंतीशी बसायची. एका सुपाचं दळण झालं की जात्यावर खुंट्याने दोनदा ठोकायची, की मी काच उचलायची. ती म्हणायची, "चांदण्या धुऊन कुणाचं पोट भरलंय, वच्छे?" पण जात्याचा वेग तिने कधी बदलला नाही. माझी नखं औषधाने तपकिरी झाली. काकूंनी मला लोणच्याच्या बरणीला हात लावायची बंदी केली आणि आल्यागेल्याला माझी बोटं दाखवू लागल्या. मी बोटं पुढे करून दाखवायची. कडी आत होती तोवर मला कशाचीही पर्वा नव्हती.

हिवाळ्यात तात्यांनी तिकांड्याची काच घेतली. मृगाच्या पोटातले ते ओळीने तीन तारे, शेतकरी आणि मेंढपाळ त्यांच्यावरून रात्र मोजतात, ते तिकांडं. त्याच्या खाली आणखी दोन-तीन बारीक तारे लोंबतात. काच धुऊन उजेडाकडे धरली तेव्हा त्या लोंबणाऱ्यांपैकी एक तारा ताराच नव्हता. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक राखी डाग होता. एका अंगाला पंख्यासारखा पसरलेला, दुसऱ्या अंगाला खाच पडलेला, आणि कडेकडेला विरत गेलेला. तात्या तो बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. "धूर आहे हा," ते शेवटी म्हणाले. "आभाळातला धूर. वाचलं होतं मी. इथं, आपल्या जालन्यात आला."

अण्णांनी काच त्यांच्या हातातून घेतली, एकदाच पाहिली आणि माझा उजवा हात मनगटाशी धरला. माझा अंगठा त्यांनी काचेवर त्या डागाजवळ टेकवला. काच धरताना अंगठा जिथे येतो, अगदी तिथेच तो डाग होता.

"हा तुमचा धूर," अण्णा म्हणाले. "ओला अंगठा. पोरगी घाण हातानं काच धरून राह्यली आणि तुम्ही आभाळात बघून राह्यले."

"अंगठा न्हाई तो," मी म्हणाले. अण्णांना उलटून बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

"डागी हात अंधारीत नको. पाडव्याला आतली कडी उपटून टाकतो आणि तुझ्या काकूच्या भाच्याला बोलावतो कामाला. तू चूल सांभाळ."

कडी उपटतो, असं ते म्हणाले. तुला काढतो, असं नाही म्हणाले. मला काय लागेल हे त्या माणसाला नेमकं माहीत होतं. रडू येईल अशी भीती वाटली. त्यांच्यासमोर रडायचं नाही हे मी लहानपणीच ठरवलं होतं.

तात्यांनी काठी आपटली. "कॅमेरा आडवा करतो मी," ते म्हणाले. "तिकांडं दुसऱ्याच कोपऱ्यात जाईल. पोरीचा अंगठा असंल तर डाग जुन्याच जागी राहील. आभाळाचा असंल तर तिकांड्यासंग जाईल. मंजूर?"

"मंजूर," अण्णा म्हणाले. "तिकांड्यासंग गेला तर कडी राहील. न्हाईतर पाडवा."

मध्ये चांदण्याचे दिवस आले. उजेडात काच घेता येईना, तेव्हा अंधाऱ्या पंधरवड्याची वाट पाहत बसलो. ऊन वाढत चाललं. माठाचं पाणी दुपारी कोमट व्हायला लागलं आणि मला स्वप्नात साय दिसायला लागली. काकूंचा भाचा येऊन अंधारी बघूनही गेला. आतल्या कडीला हात लावून "ही कशाला?" म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

एका सकाळी तात्यांनी काळ्या फडक्यात बांधलेली पेटी आणून दिली. सूर्य वर यायच्या आत मी अंधारीत गेले. आईने दळण मांडलं. काच थाळीत टाकली आणि हलवत राहिले. लाल उजेडात आधी तिकांडं उमटलं, तीन काळे ठिपके, काचेच्या वरच्या कोपऱ्यात, आधी कधीच नव्हते तिथे. मग खालचे बारीक तारे. मग काहीच नाही. मला पुढचं काही सुचेना, नुसती थाळी हलवत होते. आणि मग त्यांच्याखाली राखी ठिपका आला, पसरला, त्याची खाचही आली. अंगठ्याच्या जागी काच कोरी होती. धूर तिकांड्यासंग गेला होता. आईने जात्यावर दोनदा ठोकलं. काच मी हसत हसत पाण्यात सोडली.

एरवी आभाळाच्या काचा मी अंधारीतच वाळवायची, पण ही अण्णांना दिसावी म्हणून धुऊन घोडीवर ठेवली. शेजारी पुराव्यासाठी धुराची पहिलीही काच ठेवली. दुकानात त्या दिवशी एका लग्नाच्या काचा वाळत होत्या, त्यांच्या रांगेतच या दोन. आणि मी न्हाऊन जेवायला बसले. धपाटे आणि दही. इतकं चवीने मी त्या घरात कधी जेवले नव्हते. दुपारी तात्या येणार होते.

जेवून दुकानात आले तर अण्णा सुरी पुसत होते. घोडीवरच्या सगळ्या काचा साफ होत्या. नवरीच्या गालावरचा तीळ गेला होता, व्याह्याच्या कोटावरची सुरकुती गेली होती, आणि माझ्या दोन्ही काचांवर, तिकांड्याच्या खाली, धुराच्या जागी नितळ काच होती.

आई दाराआड उभी होती. तिने ते होताना पाहिलं होतं. "मी काय बोलणार होते, वच्छे," ती म्हणाली. त्या क्षणी मला अण्णांपेक्षा तिचा राग जास्त आला, आणि तो बरीच वर्षं राहिला.

"काहून केलं?" मी अण्णांना विचारलं.

"घोडीवर आली ती काच माझ्या सुरीखालून जाती. तुझ्या एकटीसाठी कायदा बदलू?" ते काच उचलून बघत होते, स्वतःच्याच कामाकडे. "डाग होता. काढला."

ती सवय होती की खुन्नस, याचा निकाल मी आजतागायत लावलेला नाही. खुन्नस धरून चालते, मला ते सोपं जातं. पण खरं सांगायचं तर डाग दिसला आणि अण्णांचा हात गप्प राहिला, असं कधी झालेलं मला आठवत नाही.

तेवढ्यात तात्या लंगडत आत आले. अण्णांनी दोन्ही काचा मेजावर त्यांच्यापुढे सरकवल्या. "बघा," ते म्हणाले. "कुठं हाय तुमचा धूर? दोन्ही साफ. पाडव्याला कडी निघंल." तात्यांनी एक काच उचलली, दुसरी उचलली आणि बाकावर बसले.   म्हातारा माणूस, पुन्हा तिकांडं अशा वेळी वर यायला वर्ष जायचं, आणि पुढचं वर्ष कुणी पाहिलंय, असं सगळं त्यांच्या तोंडावर होतं.

मी काचा घेतल्या त्या फोडायला. हे लपवत नाही. अण्णांच्या मेजावर आपटून फोडायच्या, एवढंच डोक्यात होतं. पण हातात दोन काचा आल्या की हात एकच काम करायचे, महिनोन्महिने तेच केलं होतं. एक काच आपोआप आडवी फिरली, तिकांड्यावर तिकांडं बसलं, आणि मी त्या उजेडाकडे धरल्या.

दोन्ही काचांवर सुरीने पाडलेली ती नितळ जागा एकीवर एक बसली होती. तंतोतंत. तोच ज्वारीच्या दाण्याएवढा आकार, एका अंगाला तोच पंखा, दुसऱ्या अंगाला तीच खाच. अण्णांचा हात असा पक्का, की डागाच्या कडेबाहेर केसभरही सुरी गेली नव्हती. दोन्ही काचांतून खिडकीचा उजेड तेवढ्याच आकारातून सरळ माझ्या डोळ्यात आला.

मी त्या तशाच धरून अण्णांच्या तोंडापुढे नेल्या. "अण्णा," मी म्हणाले, "अंगठा असता तर दोन्ही काचांवर तुम्ही एकाच कोपऱ्यात खरवडलं असतं. तुम्ही तर दोन्हीकडं तिकांड्याखालीच खरवडलंय."

अण्णांनी भिंग घेतलं. पाहिलं. काचा माझ्या हातून घेऊन स्वतः जुळवल्या, सोडल्या, पुन्हा जुळवल्या. तात्या उठून त्यांच्या खांद्यावरून पाहू लागले, आणि मग त्यांना खोकला येईपर्यंत हसू आलं. "नक्शा काढून दिला की हो तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या खात्यात असते तर बढती दिली असती."

अण्णांचा चेहरा विटकरीसारखा लाल झाला होता. ते काही कबूल करतील, चुकलं म्हणतील, असं मला क्षणभर वाटलं. वय लहान होतं. त्यांनी काचा मेजावर ठेवल्या, सुरी तिच्या कातडी घरात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कडी राहू दे. पण याच्यापुढं माझ्याशी बोलायचं बिलकुल कारण न्हाई."

मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. त्या घरात मी होते तोवर, पार निजामी जाऊन दुकानाच्या पाटीवरची उर्दू पुसली गेली तोवर, आम्ही एका अंधारीत कामं केली आणि एक शब्द बोललो नाही. धुवायच्या काचा ते दाराशी ठेवून बोटाने ठोकत. धुतलेल्या काचा मी घोडीवर ठेवत असे. आमटीत मीठ जास्त झालंय, हे त्यांनी आईला सांगणं चालूच ठेवलं. काकूंचा भाचा पुढे तेलाच्या गिरणीत लागला. पुढच्या हिवाळ्यात तात्यांनी धुराची नवी काच घेतली, चांगली आली, ती त्यांच्याबरोबर कुठे गेली मला ठाऊक नाही. मला तिचं फारसं दुःखही नाही.

त्या दोन जुन्या काचा मात्र मी उचलल्या आणि लग्नानंतर सोबत नेल्या. दोन्ही एकीवर एक ठेवून मी स्वतः एक फोटो छापला. तो माझ्या बैठकीत लावलेला आहे, अण्णांची जागा जिथे असती तिथेच. आभाळ राखी, तारे पांढरे, आणि तिकांड्याखाली काळ्याहून काळं, कडा कापल्यासारख्या, असं एक भोक. नातवाने तो मोबाइलवर टिपून घेतला आणि म्हणाला, आजी, मध्ये खराब झालाय. तिथे खरा नेब्युला बसवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.

मी त्याला म्हटलं, हात लावशील तर याद राख. त्या धुराचे चांगले फोटो जगात हजारो असतील. पण त्या माणसाने उभ्या जन्मात माझं एकच म्हणणं खरं धरलं, तेही सुरीने, आणि त्याची सही एवढीच आहे.